पाथमध्ये नसलेला प्रोग्राम शोधायचा कसा, आणि तो तिथे का नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकला. पीएसक्यूएल नीट चालतं, डेटाबेसला जोडणीही होते. पण पीजी_सीटीएल (सर्व्हर चालू-बंद करणारा) किंवा इनिटडीबी (नवा डेटाबेस मांडणारा) दिलं की 'कमांड नॉट फाउंड'. 'सू' करून रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) झालं तर यूजरॲडसारखा, नवा यूजर बनवणारा साधा प्रोग्रामही सापडेना. प्रोग्राम कुठे आहे ते सांगणाऱ्या 'व्हिच'ला विचारलं तर तो काही न बोलता पुढच्या ओळीवर येतो. इन्स्टॉलेशन अर्धवट झालंय का? सगळं काढून परत टाकायचं का? आणि असे प्रोग्राम शोधायचे कसे?

परत टाकू नका. इन्स्टॉलेशन पूर्ण आहे. पीजी_सीटीएल आणि इनिटडीबी हे दोन्ही /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१५/बिन या डिरेक्टरीत आहेत, आणि यूजरॲड /यूएसआर/एसबिनमध्ये. यूजरॲडसाठी नुसतं 'सू' न देता 'सू', मग जागा सोडून एक डॅश, असं द्या म्हणजे तो सापडेल. पोस्टग्रेसच्या त्या दोन प्रोग्रामांबद्दल मात्र पुढे वाचल्याशिवाय काही करू नका, कारण ते पाथबाहेर, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीबाहेर, मुद्दाम ठेवलेले आहेत. (कमांड आणि पाथ इथे आपण बोलतो तसे लिहिलेत. टाइप करताना नेहमीची रोमन स्पेलिंगं, आणि 'कॅपिटल' म्हटलं नसेल तिथे सगळी लहान अक्षरं.)

'कमांड नॉट फाउंड' हा निरोप फसवा आहे. वाचणाऱ्याला वाटतं, मशीनने अख्खी डिस्क धुंडाळली आणि हात टेकले. तसं काहीही होत नाही. शेलकडे, म्हणजे टाइप केलेली कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, पाथ नावाचं एक व्हेरिएबल असतं, त्यात कोलन देऊन लिहिलेली डिरेक्टऱ्यांची यादी असते. शेल ती यादी डावीकडून उजवीकडे तपासतो, त्या नावाची चालवण्याजोगी फाइल पहिल्यांदा जिथे दिसेल तिथली उचलतो, आणि यादी संपली की नाही म्हणून मोकळा होतो. आतल्या उपडिरेक्टऱ्यांत तो उतरतसुद्धा नाही. १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यात स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर हे व्हेरिएबल आलं, आणि आजही त्याचं काम जवळपास तसंच चालतं.

डेबियनवर साध्या यूजरने 'एको डॉलर पाथ' (पाथ कॅपिटलमध्ये) दिलं की साधारण हे दिसतं:

/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन:/यूएसआर/लोकल/गेम्स:/यूएसआर/गेम्स

बघा, खेळांना दोन जागा आहेत, पण एसबिनचा पत्ता नाही. एसबिनमधले प्रोग्राम यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी, साध्या यूजरला त्यांचं काय काम, असा त्यामागचा जुना विचार. हा विचार आता सगळीकडे टिकलेला नाही. आर्च लिनक्सने २०१३ मध्येच बिन आणि एसबिन एक करून टाकले, फेडोराने ४२ व्या आवृत्तीत तेच केलं. डेबियनने वाटणी ठेवली आहे. त्यामुळे फेडोरावर लिहिलेली सूचना डेबियनवर जशीच्या तशी चालवली की यूजरॲड, एफडिस्क ही मंडळी 'नाहीत' असं वाटतं. ती असतात, फक्त दुसऱ्या खोलीत.

'सू'ची भानगड थोडी वेगळी. डेबियन ९ पर्यंत 'सू' वेगळ्या पॅकेजमधून यायचं, २०१९ मध्ये डेबियन १० आली तेव्हापासून ते यूटिल-लिनक्स या पॅकेजमधून येतं. नव्या 'सू'ला डॅश दिला नाही तर तो रूट करतो खरा, पण पाथ तुमचाच जुना ठेवतो. म्हणजे अधिकार रूटचे आणि यादी साध्या यूजरची. डॅश दिला की रूटचं पूर्ण लॉगिन होतं आणि यादीत एसबिन येतं. 'सूडू'चं आणखी तिसरंच. ते तुमचा पाथ बाजूला ठेवून /ईटीसी/सूडूअर्समधल्या 'सिक्युअर_पाथ' या ओळीतली यादी वापरतं. डेबियनच्या त्या ओळीत एसबिन आहे, म्हणून 'सूडू यूजरॲड' चालतं. रेड हॅट ८ वर त्याच ओळीत /यूएसआर/लोकल/बिन नसतं, त्यामुळे हाताने बिल्ड करून टाकलेला प्रोग्राम तुम्हाला मिळतो आणि 'सूडू' लावलं की गायब होतो. लोक मग परवानग्या तपासत बसतात.

आता शोधण्याच्या साधनांकडे. 'व्हिच'वर सगळ्यांचा फार भरवसा, पण या कामाला तो निरुपयोगी आहे. तो तीच पाथची यादी बघतो जी शेलने आधीच बघून झालेली आहे. डेबियनचा 'व्हिच' सापडलं नाही की गप्प बसतो, रेड हॅटचा निदान 'या या डिरेक्टऱ्यांत नाही' असं छापतो. पाथमध्ये आहे ते नेमकं कुठलं, हे विचारायचं असेल तर बॅशमध्ये (डेबियनचा नेहमीचा शेल) 'टाइप डॅश ए' द्या. एकाच नावाच्या दोन-तीन प्रती असतील तर त्या सगळ्या, शिवाय त्या नावाचा एलियस (कमांडचं टोपणनाव) किंवा फंक्शन असेल तर तेही क्रमाने दिसतं. स्क्रिप्टमध्ये लिहायचं असेल तर 'कमांड डॅश व्ही', कारण ते पॉसिक्स या युनिक्सजातीच्या सामायिक मानकात आहे आणि ते मानक पाळणाऱ्या कुठल्याही शेलमध्ये चालतं.

पाथच्या बाहेर बघणारं पहिलं साधन म्हणजे 'व्हेअरइज'. ते पाथशिवाय ठरावीक जागांची स्वतःची यादी घेऊन फिरतं, त्यात एसबिन येतं, मॅन पानांच्या (कमांडच्या माहितीची पानं) जागाही येतात. साध्या यूजरने 'व्हेअरइज यूजरॲड' दिलं तर /यूएसआर/एसबिन/यूजरॲड आणि त्याच्या शेजारी /यूएसआर/शेअर/मॅन/मॅन८ मधली फाइल दिसते. त्या आठाकडे लक्ष द्या. मॅन पानांचा आठवा विभाग यंत्रणेच्या व्यवस्थापनाचा. मॅन पान विभाग १ मध्ये असेल तर प्रोग्राम बहुधा बिनमध्ये, ८ मध्ये असेल तर बहुधा एसबिनमध्ये. प्रोग्राम सापडत नाही पण मॅन पान उघडतंय अशा वेळी हा आकडा बघायची सवय लावून घ्या, बऱ्याचदा पुढे शोधायची गरजच लागत नाही. 'व्हेअरइज'ची मर्यादा अशी की ते /ऑप्टच्या पोटात किंवा तुमच्या होम डिरेक्टरीत खोलवर जात नाही.

पण माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनही करू नये. ज्याने वस्तू आणून ठेवली त्यालाच कुठे ठेवली ते विचारावं. पॅकेज मॅनेजरकडे, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाकडे, प्रत्येक फाइलची नोंद असते. डेबियन, उबुंटूवर 'डीपीकेजी डॅश कॅपिटल एल' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की त्या पॅकेजने टाकलेल्या सगळ्या फाइलींची यादी मिळते, ती 'ग्रेप'ने 'बिन/'वर गाळून घ्या. रेड हॅटच्या कुटुंबात हेच काम 'आरपीएम डॅश क्यूएल' करतं.

तुमच्या बाबतीत इथे एक खड्डा आहे. 'डीपीकेजी डॅश कॅपिटल एल पोस्टग्रेसक्यूएल' दिलंत तर यादीत एकही प्रोग्राम दिसणार नाही, थोडी कागदपत्रं तेवढी दिसतील, आणि इन्स्टॉलेशन फसल्याची तुमची खात्रीच पटेल. कारण 'पोस्टग्रेसक्यूएल' हे नुसतं नावाचं पॅकेज आहे. त्याचं काम एकच, चालू आवृत्तीचं खरं पॅकेज ओढून आणणं. खरा माल 'पोस्टग्रेसक्यूएल-१५'मध्ये. म्हणून आधी 'डीपीकेजी डॅश (लहान) एल' आणि अवतरणात 'पोस्टग्रेसक्यूएल*' देऊन काय काय आलंय ते बघा, मग त्यातल्या योग्य नावाला मोठा एल लावा.

पॅकेजचं नाव माहीत नसेल, प्रोग्रामचंच माहीत असेल, तर उलटा शोध. 'डीपीकेजी डॅश कॅपिटल एस पीजी_सीटीएल'. तो नावाचा तुकडा धरूनही जुळवतो, त्यामुळे उत्तरात पोस्टग्रेसक्यूएल-१५ मधला पीजी_सीटीएल येतोच, शिवाय पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन या पॅकेजमधला पीजी_सीटीएलक्लस्टर नावाचा भाऊही दिसतो. हा भाऊ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पूर्ण पाथ (इथे अर्थ फाइलचा पूर्ण पत्ता) देऊन विचारत असाल तर एक विचित्र अनुभव येऊ शकतो. डेबियन १२ वर 'व्हिच एलएस' म्हणतो /यूएसआर/बिन/एलएस, आणि तोच पाथ डीपीकेजीला दिला तर तो म्हणतो अशी फाइल कुठल्याच पॅकेजची नाही. /बिन ही आता /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी लिंक आहे, पण पॅकेजच्या नोंदीत जुना /बिन/एलएस राहिलेला असतो. अशा वेळी सुरुवातीचा /यूएसआर काढून विचारायचं.

प्रोग्राम अजून टाकलेलाच नाही आणि तो कुठल्या पॅकेजमध्ये मिळेल ते हवं असेल, तर डेबियनवर 'एपीटी-फाइल सर्च', रेड हॅटवर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स'. एसईलिनक्स (लिनक्सची एक सुरक्षा यंत्रणा) वापरणाऱ्यांना नेहमी लागणारा सेमॅनेज हे त्याचं ठरलेलं उदाहरण: रेड हॅट ८ वर तो पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स अशा लांबलचक नावाच्या पॅकेजात आहे. हे नाव अंदाजाने कुणालाही सुचणार नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे चालू असलेली प्रक्रिया. पोस्टग्रेस चालू आहे, म्हणजे त्याची फाइल कुठूनतरी उचललेली आहे. प्रक्रियेचा क्रमांक काढा, मग 'एलएस डॅश एल'ने /प्रॉक/क्रमांक/एक्सई बघा (दुसऱ्याची प्रक्रिया असेल तर रूट होऊन). ती लिंक थेट मूळ फाइलकडे नेते, पाथ काहीही असो. सर्व्हिस असेल तर 'सिस्टिमसीटीएल कॅट' आणि सर्व्हिसचं नाव, त्यात 'एक्झेकस्टार्ट'च्या ओळीत बहुतेक वेळा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. कुणीतरी नोकरी सोडून गेल्यावर मागे राहिलेल्या, कागदपत्रांशिवायच्या सर्व्हरवर मी पहिल्यांदा हेच बघतो, कारण तिथे पॅकेज मॅनेजर वापरलेलाच नसतो आणि माल /ऑप्टमध्ये, /डेटामध्ये, नाहीतर कुणाच्या तरी होम डिरेक्टरीत पडलेला असतो.

तिसरं, प्रोग्रामला स्वतःलाच विचारता येतं का ते बघा. बरेच प्रोग्राम आपल्या कुटुंबाचा पत्ता सांगतात. 'पीजी_कॉन्फिग डॅश डॅश बिनडिर' पोस्टग्रेसचा पत्ता देतं (लिबपीक्यू-डेव्ह टाकलेलं असेल तर). 'गिट डॅश डॅश एक्झेक-पाथ' दिलं की डेबियनवर /यूएसआर/लिब/गिट-कोर मिळतं. गिटचा इतिहास या विषयात सांगण्यासारखा आहे. पूर्वी गिट-कमिट, गिट-लॉग असे डॅशवाले शंभराहून जास्त प्रोग्राम सरळ /यूएसआर/बिनमध्ये असायचे. २००८ च्या १.६.० आवृत्तीत ते पाथबाहेर हलवले, आणि जगभरच्या स्क्रिप्टा एका रात्रीत 'कमांड नॉट फाउंड' म्हणू लागल्या. प्रोग्राम तेच होते. फक्त 'गिट' या एका दारातूनच आत या, असं बनवणाऱ्यांनी ठरवलं. /यूएसआर/लिबेक्झेकमध्ये किंवा /यूएसआर/लिबच्या आत दिसणारे प्रोग्राम बहुधा या जातीचे: दुसऱ्या प्रोग्रामाने हाक मारावी म्हणून ठेवलेले. एसएसएचचा एसएफटीपी-सर्व्हर तसाच. तो सापडला म्हणून हाताने चालवण्यात काही हशील नाही.

प्रोग्रामिंग भाषांच्या स्वतःच्या इन्स्टॉलरांनी आणलेला माल पॅकेज मॅनेजरला माहीत नसतो. पायथनच्या पिपने 'यूजर' पर्यायाने टाकलेलं ~/.लोकल/बिनमध्ये जातं, रस्टचं ~/.कार्गो/बिनमध्ये, गोचं ठरवून दिलं नसेल तर ~/गो/बिनमध्ये. एनपीएमला 'प्रीफिक्स डॅश जी' विचारा आणि मिळालेल्या उत्तरापुढे बिन लावा. रूबीसाठी 'जेम एन्व्ह'. पिप तर टाकतानाच पिवळ्या अक्षरांत सांगतो की ही डिरेक्टरी पाथमध्ये नाही, पण ती ओळ वाचतो कोण! उबुंटूवर आणखी गंमत आहे: होममधली .प्रोफाइल फाइल ~/.लोकल/बिनला पाथमध्ये घेते, पण लॉगिनच्या वेळी ती डिरेक्टरी अस्तित्वात असेल तरच. तुम्ही पहिल्यांदा पिप वापरलात तेव्हा ती डिरेक्टरी जन्माला आली, लॉगिन त्याआधीच झालेलं. म्हणून आज चालत नाही आणि उद्या सकाळी आपोआप चालतं. लोक याला कॉम्प्युटरचा मूड म्हणतात.

हे सगळं झाल्यावर मग डिस्क चाळायची. 'लोकेट' झटपट उत्तर देतं, कारण ते डिस्क बघत नाही, दिवसातून एकदा बनवलेली यादी बघतं. आज टाकलेला प्रोग्राम हवा असेल तर आधी रूटने 'अपडेटडीबी' चालवा. /टीएमपी आणि /मीडिया त्या यादीतून डेबियनवर मुळातच वगळलेले असतात, तेव्हा पेन ड्राइव्हवरचं तिथे शोधू नका.

शेवटचा उपाय 'फाइंड'. तो बहुतेक जण पहिला वापरतात आणि तोही उघडा-बोडका: 'फाइंड स्लॅश डॅश नेम', बस. मग परवानगी नाही, परवानगी नाही अशा ओळींचा पाऊस पडतो, कुठेतरी जोडलेला नेटवर्कचा भलामोठा साठा चाळला जातो, स्टोरेज सांभाळणाऱ्याचा फोन येतो. मी तो असा लिहितो: 'सूडू फाइंड', मग 'स्लॅश', मग 'डॅश एक्सडेव्ह', मग 'डॅश नेम' आणि एकेरी अवतरणात 'पीजी_सीटीएल*', शेवटी '२>/डेव्ह/नल'. एक्सडेव्हमुळे शोध एकाच फाइल सिस्टिमपुरता राहतो: नेटवर्कचे साठे, /प्रॉक, स्नॅपच्या आरोहित प्रतिमा हे सगळं टळतं. पण /होम किंवा /ऑप्ट वेगळ्या पार्टिशनवर असतील तर तेही टळतात, म्हणून स्लॅशच्या शेजारी त्यांचीही नावं लिहायची. अवतरण विसरलात आणि चालू डिरेक्टरीत जुळणारी फाइल असली तर तो तारा शेल स्वतःच उलगडून टाकतो आणि फाइंडपर्यंत तुमचा प्रश्न पोचतच नाही. 'डॅश टाइप एफ' लावायचा मोह होतो, पण त्याने लिंका गळतात आणि पाथबाहेरचे कितीतरी प्रोग्राम लिंकच्या रूपात असतात. नाव आठवत नसेल तर 'डॅश पर्म /१११' लावून चालवण्याजोग्या फाइली काढता येतात, पण मग जागा मर्यादित ठेवा, /ऑप्टवर चालवा, सगळ्या डिस्कवर नको.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असलेल्या मशीनवर फाइंडचं उत्तर जपून घ्या. /व्हार/लिब/डॉकरच्या आत तुम्हाला पीजी_सीटीएल चार ठिकाणी दिसेल. तो कंटेनरच्या थरांमधला आहे, तो बाहेरून चालवायचा नसतो.

मॅकवाल्यांसाठी थोडंसं. इंटेलच्या मॅकवर होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) /यूएसआर/लोकलमध्ये राहायचं, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते /ऑप्ट/होमब्रूमध्ये गेलं, त्यामुळे जुन्या मशीनवरून नव्यावर आणलेली .झेडशआरसी फाइल अर्ध्या गोष्टी शोधत बसते. शिवाय होमब्रू काही पॅकेजं 'केग-ओन्ली' म्हणून पाथमध्ये जोडतच नाही. लिबपीक्यू त्यातलंच: टाकलं तरी पीएसक्यूएल मिळत नाही. 'ब्रू डॅश डॅश प्रीफिक्स लिबपीक्यू' द्या आणि पुढे बिन लावा. एक्सकोडमधली साधनं हवी असतील तर 'एक्ससीरन डॅश डॅश फाइंड'. विंडोजवर 'व्हेअर' हा व्हिचचाच भाऊ, तोही पाथच बघतो (आणि चालू डिरेक्टरी). विंडोजच्या रन चौकटीतून एखादा प्रोग्राम उघडतो पण कमांड प्रॉम्प्टवरून उघडत नाही, हे कोडं 'ॲप पाथ्स' या रजिस्ट्रीच्या नोंदीमुळे असतं. रन चौकट ती वाचते, कमांड प्रॉम्प्ट वाचत नाही.

जुन्या सोलारिसवर ज्यांनी काम केलंय त्यांना हे सारं किरकोळ वाटेल. सोलारिस १० वर मेक आणि एलडी /यूएसआर/सीसीएस/बिनमध्ये, पॉसिक्सप्रमाणे वागणारा ग्रेप /यूएसआर/एक्सपीजी४/बिनमध्ये, बर्कली पद्धतीचा पीएस /यूएसआर/यूसीबीमध्ये. एकाच नावाचा प्रोग्राम दोन डिरेक्टऱ्यांत आणि दोघांचे पर्याय वेगळे. तिथे कुठला सापडला यापेक्षा आधी कुठला सापडला हा प्रश्न असायचा. एक मात्र सोय होती: /व्हार/सॅडएम/इन्स्टॉल/कंटेंट्स नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत पॅकेजांच्या सगळ्या फाइलींची नोंद, नुसता ग्रेप मारला की झालं.

आता मूळ मुद्दा. प्रोग्राम सापडला, पुढे काय? बहुतेक उत्तरं इथे 'ती डिरेक्टरी पाथमध्ये घाला' म्हणून संपतात. मी आधी विचारतो, ज्याने ती बाहेर ठेवली त्याने का ठेवली?

तुमच्या पोस्टग्रेसचंच घ्या. 'रीडलिंक /यूएसआर/बिन/पीएसक्यूएल' द्या. उत्तर येईल, ../शेअर/पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन/पीजी_रॅपर. म्हणजे तुम्ही रोज चालवता तो पीएसक्यूएल हा पीएसक्यूएल नाहीच, ती पर्लमध्ये लिहिलेली एक मध्यस्थ स्क्रिप्ट आहे. डेबियनला एकाच मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदवायच्या असतात, म्हणून खरे प्रोग्राम आवृत्तीच्या नावाच्या डिरेक्टरीत लपवलेत आणि कुठल्या क्लस्टरला (एकत्र चालणाऱ्या डेटाबेसांचा संच) कुठली आवृत्ती द्यायची ते हा मध्यस्थ ठरवतो. तुम्ही /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१५/बिन पाथच्या सुरुवातीला घातलंत की मध्यस्थ बाजूला पडतो. पीजी_सीटीएल थेट चालवून /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१५/मेन दिलंत तर कॉन्फिगरेशनची फाइल सापडत नाही म्हणून तक्रार येईल, कारण डेबियन ती फाइल डेटाजवळ न ठेवता /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१५/मेनमध्ये ठेवतो. इंटरनेटवरचे पीजी_सीटीएलचे धडे ही मांडणी गृहीतच धरत नाहीत. तेव्हा सर्व्हर चालू-बंद करायला मघाचा भाऊ, पीजी_सीटीएलक्लस्टर, वापरा, किंवा सिस्टिमसीटीएल. नवा क्लस्टर करायला इनिटडीबीऐवजी पीजी_क्रिएटक्लस्टर. काय काय चालू आहे ते बघायला पीजी_एलएसक्लस्टर्स. हे तिन्ही पाथमध्येच आहेत. पाथबाहेरचं शोधायला निघालात आणि हवं ते काखेतच होतं.

आवृत्त्या शेजारी ठेवायची हीच गरज इतरत्रही दिसते, उपाय वेगवेगळे. डेबियनवर जावासाठी 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज डॅश डॅश डिस्प्ले जावा' दिलं की किती जावा आहेत आणि सध्या कुठला निवडलाय ते कळतं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या सामायिक सुपरकॉम्प्युटरवर कंपायलर आणि लायब्रऱ्यांच्या अनेक आवृत्त्या असतात, आणि तिथली रीत 'मॉड्यूल अवेल'ने यादी बघून 'मॉड्यूल लोड'ने हवी ती पाथमध्ये आणण्याची. नवे विद्यार्थी तिथे फाइंड चालवतात आणि डिरेक्टरीचा पत्ता स्वतःच्या .बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) कोरून ठेवतात. चालतंही काही दिवस. मग त्या कंपायलरला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचे पाथ कुणी लावायचे?

पूर्ण पाथ कोरून ठेवण्याचा दुसरा धोका अपग्रेडचा. डेबियन १३ मध्ये पोस्टग्रेस १७ आहे. जुनी आवृत्ती काढली की १५ च्या डिरेक्टरीकडे बोट दाखवणारी बॅकअपची स्क्रिप्ट त्या रात्रीपासून मुकाट बंद पडते.

तरीही पाथमध्ये घालायची गरज खरी असते, विशेषतः ~/.लोकल/बिन किंवा /ऑप्टमधल्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी. एकदा-दोनदाच लागणार असेल तर पूर्ण पाथ टाइप करा, विषय संपवा. सगळ्या यूजरांना एकच प्रोग्राम हवा असेल तर /यूएसआर/लोकल/बिनमध्ये त्याची लिंक करा, अख्खी डिरेक्टरी पाथमध्ये ओढू नका. काही प्रोग्राम आपल्या शेजारच्या फाइली स्वतःच्या पत्त्यावरून शोधतात आणि लिंकवरून चालवले की गोंधळतात. त्यांच्यासाठी लिंकऐवजी मूळ प्रोग्रामला पूर्ण पाथने हाक मारणारी दोन ओळींची शेल स्क्रिप्ट. स्वतःपुरतं असेल तर .प्रोफाइलमध्ये, आणि शक्यतो पाथच्या शेवटी. डॉलर होम लिहा, दुहेरी अवतरणात ~ हे चिन्ह लिहू नका: बॅश ते चालवून घेतो, 'डॅश' नावाचा दुसरा शेल घेत नाही, आणि मग टर्मिनलमध्ये चालणारी गोष्ट स्क्रिप्टमध्ये का चालत नाही यावर दुपार जाते. यादीत दोन कोलन लागोपाठ किंवा शेवटी एक मोकळा कोलन राहिला तर त्याचा अर्थ चालू डिरेक्टरी असा होतो. रूटच्या पाथमध्ये हे असणं म्हणजे कुणीही /टीएमपीमध्ये ठेवलेला नकली प्रोग्राम तुमच्या हातून चालवून घेऊ शकतो.

आणि हे सगळं टर्मिनलपुरतंच. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ डेबियनवर यूजरच्या कामांसाठी नुसता /यूएसआर/बिन आणि /बिन असतो. एसएसएचवरून एकच कमांड पाठवली तर डेबियनच्या नेहमीच्या .बॅशआरसीमध्ये सुरुवातीलाच 'संवादी शेल नसेल तर परत जा' अशी तपासणी असते, तुम्ही खाली लिहिलेला पाथ वाचलाच जात नाही. एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) टाकलेला नोड क्रॉनमध्ये न सापडण्याचं कारण हेच. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची ओळ लिहा.

दोन अपवाद राहिले, दोन्ही पाथचे वाटतात आणि नसतात. प्रोग्राम एका जागेवरून दुसरीकडे हलवला आणि बॅश अजून जुन्या पत्त्यावर जाऊन 'अशी फाइल नाही' म्हणतोय, तर बॅशने तो पत्ता पाठ करून ठेवलाय. 'हॅश डॅश आर' द्या, विसरेल. दुसरा जास्त चकवणारा: पूर्ण पाथ दिलाय, 'एलएस'ला फाइल दिसतेय, आणि चालवली की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. इथे नसलेली फाइल तुमची नाही, तिला चालवणारी आहे. अल्पाइन लिनक्सवर ग्लिबसीसाठी (बहुतेक लिनक्सवर असणारी सी भाषेची लायब्ररी) बनवलेला प्रोग्राम आणला की त्याला हवा असलेला लोडर, म्हणजे त्याला सुरू करून देणारा प्रोग्राम, तिथे नसतो. ६४ बिटच्या मशीनवर ३२ बिटचा जुना प्रोग्राम आणला तरी तेच. 'फाइल' ही कमांड त्या प्रोग्रामवर चालवा, लोडरचा पत्ता ती छापते. स्क्रिप्ट असेल तर ती विंडोजवर लिहिली होती का ते बघा: पहिल्या ओळीच्या शेवटी चिकटलेलं न दिसणारं अक्षर इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग बनतं. 'कॅट डॅश कॅपिटल ए' दिलं की ते ओळीच्या टोकाला ^एम असं उघडं पडतं.